गाडीचं पोट

बबनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभी होते. थोरला भाऊ माझा. फोन ठेवला, टाकी भरून घेतली आणि मगच वारंग्याची वाट धरली. रिकाम्या टाकीनं पोचता येत नाही, कोणी का गेलेलं असेना. दादाला हे पटलं असतं.

वारंगा फाट्यावर त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, मागं घर. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीचं पोट साफ ठेवणं हे काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. टाकीत टाकायची बाटली वेगळी, ऑइलमध्ये ओतायची वेगळी. दोन्हींना तो औषधच म्हणायचा. दारात आलेल्या माणसाला चहा आणि त्याच्या गाडीला औषध, विचारायची पद्धत नाही. "कार्बन साचला की इंजन मानसावानी खोकतं," म्हणायचा. माझ्या खोकल्याची मात्र त्यानं कधी चौकशी केली नाही.

त्याच्या पोरीला, रेखाला बघायला कुरुंद्याचे पाहुणे आले, तेव्हा आधीची दोन स्थळं हातची गेलेली होती, त्यामुळे वहिनीचा जीव टांगणीला. पाहुणे बसले आणि दादा गायब! 'गाडी सावलीत लावतो' म्हणून नवऱ्या मुलाकडून चावी घेऊन गेला होता. मी अंगणात गेले तर बोनेट उघडं. जुन्या ऑइलमध्ये औषध ओतून, थोडा वेळ इंजिन चालू ठेवून, त्यानं सगळं ऑइल घमेल्यात सोडलं होतं. आणि त्या गाडीला चालेल असं नवं ऑइल दुकानात थेंबभरही नव्हतं.

"दादा, काहून केलंस रे असं?"

"आपन त्यायला पोरगी दाखवली, त्यायनं आपल्याला ऑइल दाखवलं," घमेल्याकडं बोट करत तो शांतपणे म्हणाला. "काळं हाय, पन खडे न्हाईत. घर बराबर वाटून राहिलं."

नांदेडहून ऑइल यायला संध्याकाळ झाली. तोवर पाहुणे दोनदा जेवले, आणि रेखा अन् मुलगा ओट्यावर इतकं बोलले की नाही म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन बबनराव, एकच अट. आमच्या गाडीला पुन्ना हात लावायचा न्हाई."

दादा फडक्यानं हात पुसत राहिला... हुंडा मागितला असता तरी एवढा वेळ लागला नसता. दाराआडून रेखा डोळे वटारत होती. "बाबा!" शेवटी तिनंच आवाज दिला.

"बरं," दादा म्हणाला. पोरीला निरोप देतानाही त्याचा चेहरा एवढा पडला नव्हता.

त्यानं शब्द पाळला. पण व्याह्यांची गाडी अंगणात येऊन खोकायला लागली की तो मागच्या खोलीत जाऊन बसायचा. "ऐकवत न्हाई मला," म्हणायचा. मग वहिनी आधी त्या खोलीची खिडकी लावायची, मग पाहुण्यांचं बघायची. आम्हाला त्याचं हसू यायचं. वहिनीला नाही.

दादाचे दिवस झाल्यावर, परवा रेखा सासू-सासऱ्यांसोबत आली. गाडी खोकतच फाटकातून आत शिरली. वहिनी हातातली मेथी टाकून उठली, मागच्या खोलीत गेली, खिडकी घट्ट लावली, कडी सरकवली... आणि मग पाहुण्यांना पाणी घेऊन आली.