एकटा आलेला जावई

तांबडं फुटायच्या आत बिझवेलने आपलं सलीमा गाव सोडलं. हँडलला सुक्या मासळीची पिशवी, मागे रिकामी गादी आणि पुढे दिवसभर डोवाच्या डोंगराचा चढ. एरवी हा गडी भाड्याने माणसं वाहायचा, त्यामुळे वाटेत हाका येणारच.

"ए सायकलवाल्या, बाजारापर्यंत सोड की!" तंबाखूचं ओझं घेतलेली एक बाई ओरडली.

"आज नाही जमायचं, आई."

"मग रिकामी गादी मिरवतोस कुणाला?"

"लेकीला आणायला चाललोय."

एवढं बोलून त्याला बरं वाटलं. त्या दिवसात बरं वाटलं ते तेवढंच.

त्याची बायको एलुबी गेल्या वर्षी तापाने गेली. आमच्याकडे सगळेच नवरे घरजावई. पोरं आईच्या कुळाची, हक्क मामाचा. बायको गेली की नवऱ्याने मुकाट आपल्या आईच्या गावी चालू लागावं. त्याची आठ वर्षांची लेक तियामिके आजोळी मागे राहिली. आज वर्षाचा विधी होता. दोन्हीकडचे मामा मध्यस्थ म्हणून समोरासमोर बसतात, विधुराला मोकळं करतात. काय मागायचं ते त्याच दिवशी आणि त्यांच्याच तोंडून. नंतर ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

बिझवेलचा मध्यस्थ म्हणजे त्याचा मामा झाकालिया. दोघांचं एका बकरीवरून वाजलं होतं. पठ्ठ्याने ठरवलं, माझ्याच पोरीसाठी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडू? हट्! अरे गाढवा, पडायचं होतं की! बकरी मोठी का लेक मोठी?

मका कापलेली शेतं मैलोन् मैल ओसाड पडली होती. चढावर साखळी उतरली, हात काळे झाले. सायकल ढकलत तो एलुबीच्या मामांपुढे करायचं बोलणं मोठ्याने पाठ करत होता. ऐकायला चिटपाखरू नव्हतं.

दुपार कलता तो सासरच्या अंगणात शिरला. एलुबीचे मामा म्वाले उठून सामोरे आले.

"या जावईबापू. झाकालिया मागून येतायत ना?"

"नाही. मी एकटाच आलोय."



"अरे, मग बोलणार कोण?"

"मीच बोलतो. माझी तियामिके..."

"गप रे!" एक म्हातारी कडाडली. "जावयाला कधीपासून तोंड फुटलं?"

म्वाले काही दुष्ट नव्हते. मडक्यातली बिअर संपेपर्यंत ते रस्त्याकडे बघत थांबले. मग चटईवर बसून आपली बाजू बोलले, "पोर मावशीबरोबर कासुंगूला जाईल. समोरच्यांचं काही म्हणणं?"

समोरची चटई रिकामी होती. बिझवेल तिच्यामागे धुळीत ओठ चावत बसला होता.

"झालं तर. मोकळा झालास, बाळा."

जेवणाआधी तियामिके सगळ्यांच्या हातावर पाणी घालत आली. बापापुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली. त्याच्या हातांचं काळं ग्रीस काही निघेना.

"मी तुलाच न्यायला आलो होतो गं," तो पुटपुटला.

"माहितीये बाबा." ती पाणी ओतत राहिली. "सकाळपासून आंब्याखाली बसून मी दोन सायकली येतायत का ते बघत होते. एकच दिसली, मग घरात जाऊन माझं गाठोडं मावशीच्या सामानात ठेवलं."

आणि तांब्या उचलून ती पुढच्या माणसाकडे गेली.