झेंडीवाले भाऊजी

आमच्या भाऊजींनी जन्मात कधी घासाघीस केली नाही. दुकानदार सांगेल तो भाव खरा, आणि वर त्यालाच विचारायचे, "परवडलं ना तुमाले?" मी वरवट बकालच्या बाजारात पोत्यांवर झोपून सौदे शिकलो, एकेका शब्दावर अडून कापसाच्या व्यापारात उभा राहिलो. माझ्या बहिणीला नेमका असा नवरा मिळावा, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

भाऊजी बुलढाण्याला शेतकी खात्यात कारकून होते. तरुणपणी, कपाशीवर विमानातून औषध फवारत त्या काळात, त्यांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पांढरी झेंडी घेऊन उभं करत. वैमानिक झेंडीची सीध धरून यायचा. विमान डोक्यावर आलं की भाऊजी थोडे सरकून पुन्हा उभे. स्वतः विमानात कधी बसले नाहीत, पण "त्याले म्या रस्ता दाखवला, तवा तो गेला" हे लग्नाच्या मांडवापासून मला ऐकवत आले.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा कोणी देवाला गेला असता. यांनी मागितलं काय, तर नजर आहे तोवर कोकणातली लाइट हाऊसं आणि विमानांच्या जुन्या धावपट्ट्या पाहायच्या! म्हटलं, "भाऊजी, काऊन?"

"तेबी धुऱ्यावरच उभं असते ना बे. दर्याच्या."

वेळ तरी कोणती काढावी? अळी लागत नाही म्हणून पेरलेल्या बीटी कपाशीच्या बोंडातसुद्धा गुलाबी अळी निघाली होती. शेतकरी किडका कापूस आणून माझ्याशी भांडत होते, जिनिंगवाला माझ्याशी भांडत होता आणि मी सगळ्यांशी. त्यात बहीण फोनवर रडली. शिव्या देत मी जीप काढली.

वाटभर त्यांनी माझी अब्रू घालवली. लॉजवाला भावात उतरायला लागला की मागून हे, "देऊन टाक ना बे, त्याचीबी लेकरं आहेत." सौदा तिथंच मेला. लाइट हाऊसचं तिकीट काढायचं, धापा टाकत वर चढायचं आणि लगेच उतरून म्हणायचं, "आता दूर ने. त्याचा उजेड जवळच्यासाठी नसते." मग अंधार पडेपर्यंत कुठल्यातरी खडकावर बसायचं. प्रत्येक ठिकाणी हेच. मासळीच्या वासानं माझं डोकं फिरलेलं.

एका सड्यावर, कातळाच्या माळावर, इंग्रजांच्या वेळची धावपट्टी सापडली. गवत माजलेलं, मधोमध म्हशी. भाऊजी पार टोकाला जाऊन उभे राहिले, खांद्यावरचा दुपट्टा वर धरला आणि ओरडले, "आन गाडी सीधी माझ्यावर!" मी निघालो. वाटलं, जवळ आलो की बाजूला होतील. ते हललेच नाहीत. हॉर्न दिला, तरी चेहरा भलतीकडेच. करकचून ब्रेक दाबला तेव्हा बंपर त्यांच्या धोतराला लागायचा बाकी होता.

"मरता काय?" मी खाली उतरून ओरडलो. "दिसत नाही तर सांगता येत नाही?"

"दिसते ना. तू जवळ आला की दिसते," ते म्हणाले. दुपट्ट्याची घडी घातली आणि दबक्या आवाजात बोलले, "घरी नको सांगू. आजचं लाइट हाऊस पाहून घेऊ."

तिथं पोचलो तर बंद व्हायची वेळ. दिवा लागेपर्यंत यांना वर राहू द्यावं म्हणून मी पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, हात जोडले, आवाज चढवला. तो गरीब माणूस म्हणाला, "अहो, नियम आहे. माझी नोकरी जाईल." भाऊजींनी माझं मनगट धरलं. "चाल बे. तो त्याच्या धुऱ्यावर उभा आहे."

समोरच्या टेकाडावर जाऊन बसलो. दिवस बुडाला. वर दिवा फिरायला लागला. झोत आमच्या अंगावरून जायचा, समुद्राकडे वळायचा, परत यायचा. भाऊजी मान ताणून बघत होते.

"लागला का रे?"

झोत आमच्यावरून निघून दूर दर्यावर पोचला, तेवढ्यात भाऊजी हसले. "आला! पायलास? आला!"

आमच्याभोवती काळोख होता. जन्मभर समोरच्याच्या पहिल्या शब्दाला मी कधी हो म्हटलेलं नाही.

"हाव भाऊजी," मी म्हटलं. "आला."

पुढे नजर पूर्ण गेली. भाऊजी जाईपर्यंत घरी येईल त्याला त्या दिव्याची गोष्ट सांगत. तीत जीप कोणी चालवली, हंगाम कोणाचा बुडाला, याचा शब्द नाही. "साळ्यानं तिथंबी भांडण केलं" एवढाच माझा उल्लेख. मग माझ्या दिशेनं मान वळवून विचारायचे, "पायला ना बे आपण?"

दर वेळी माझं डोकं तापायचं. आणि दर वेळी मी हाव म्हणायचो.