फौजी उभाच राहिला

खातीपुऱ्याहून निघालेली आमची जयपूरची सिटी बस खचाखच भरली होती. एक तरुण फौजी दांडा धरून उभा होता. छातीवर शौर्यपदकाची रिबीन, आणि नजर मात्र सारखी स्वतःच्या बुटांकडे. बघायचा आणि हसायचा. शेजारी बसलेली त्याची आई मांडीवर कुबड्या सांभाळत होती. तिनंच मला सांगितलं, लढाईत चौकीवर तोफगोळे पडत असताना त्यानं दोन जखमी साथीदारांना ओढून आणलं. तिसऱ्याला आणताना त्याचा स्वतःचा पाय गेला. नवा पाय लावून तो आज पहिल्यांदाच बसमध्ये चढला होता.

मी उठले. माझ्यामागे निम्मी बस उठली. तो लाजला.

"आप बैठिए ना, दीदी. इतने महीनों से सब मुझे बिठा ही तो रहे हैं."

तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. फौजीचा हात दांड्यावरून सुटला. आम्ही उठलेले सगळे एकमेकांवर कोसळलो. तो मात्र हलला, सावरला आणि दोन्ही पाय रोवून उभा राहिला, कशालाही न धरता.

बसमध्ये टाळ्या सुरू झाल्या. कंडक्टर गर्दी ढकलत पुढे आला.

"हटो भाई, हटो. फौजीसाहब को खड़े होने की जगह दो."