माझ्या खुर्चीवर बसलेला डब्बा

आर्केस्ट्रात राह्यलेल्या माणसाच्या घरी जमा काय होते, त तुटक्या वायरी अन् किस्से. वायरी बायको भंगारवाल्याले देऊन टाकते. किस्से भंगारवाला घेत नाई, म्हणून तुमच्यासमोर काढून राह्यलो. एक आधीच सांगून ठेवतो, या साऱ्या किस्स्यायमध्ये मी जळून राह्यलो हाये. कोणी म्हणीन, माणसानं एका डब्ब्यावर कायले जळाव? तुमची खुर्ची डब्ब्यानं घेतली का मंग विचारा मले!

आमचा आर्केस्ट्रा यवतमाळचा. मालक रमेशभाऊ, की-बोर्डबी तेच वाजवत. गिटारवाले दोन. एक सलीमभाई, त्याचं लोहाऱ्यात पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. दुसरा मी, प्रकाश, दिवसा झेरॉक्सवाला. सलीमभाई जे वाजवे तेच मी त्याच्या मांगं मांगं वाजवो. दोन गिटारी असल्या का गाणं भरल्यावानी वाटते, एवढंच माझं काम. पण खुर्ची होती, स्टेजवर, लाइटात. माझं लग्नच त्या खुर्चीनं जमवलं. सासऱ्यानं कळंबच्या एका प्रोग्रामात मले वर बसलेलं पाह्यलं अन् दुसऱ्याच हप्त्यात निरोप पाठवला.

मंग सलीमभाई नागपूरहून एक जुना पेडल घेऊन आला. कोरस पेडल. निळा डब्बा, टिफिनच्या वाटीएवढा, त्याले फिरवायच्या दोन घुंड्या अन् एक लाल दिवा. गिटारची वायर त्याच्यातून काढायची अन् पायानं दाबायचं. एका गिटारच्या दोन गिटारी! रमेशभाऊनं ऐकलं, डोळे मिटून मान डोलवली, अन् डोळे उघडले ते माझ्याकडं पाहत. मी तवाच माझी खुर्ची सलीमभाईच्या जवळ सरकवून घेतली.

० ० ०

राळेगावचा प्रोग्राम. दुसऱ्याच गाण्याले माझी वायर आतून तुटली. स्टेजवरून उठता येत नाई, म्हणून मी आखरीपर्यंत नुसते बोटं फिरवत बसलो. माझा आवाज शून्य, दोन्ही गिटारी सलीमभाईच्या डब्ब्यातून. पण तोंडावर असे भाव आणले का पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी याव.

प्रोग्राम संपला तसे एक रिटायर गुरुजी वर आले. सलीमभाईच्या पाठीवर हात ठेवला, बरं वाजवता म्हणे. मंग माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पण तुमचा हात गोड हाये," म्हणे. "मी डोळे लावून फक्त तुमचीच गिटार ऐकत होतो."

मी सलीमभाईकडं पाह्यलं नाई. पाह्यलं असतं त तिथंच रडलो असतो. गाडीत बसल्यावर तो म्हणे, "मान ले प्रकाश, आजतक इतना अच्छा तू कभी नहीं बजाया."

० ० ०

राजूरले भीमगीतांचा कार्यक्रम होता. आमची गायिका वनिता आमच्यासंग पोचली, पण तिच्या मांगं साथ देणाऱ्या तीन पोरी, एरवी आमच्याच गाडीतल्या, त्या दिवशी ज्या जीपनं येत होत्या ते वणीच्या अलीकडं बंद पडली. मैदान कोळशाच्या खाणीतल्या लोकायनं गच्च भरलं होतं. रमेशभाऊ घामानं ओले.

सलीमभाईनं काय कराव? वनिताच्या माइकची वायर काढली अन् डब्ब्यात खुपसली. एक घुंडी इकडं, एक तिकडं. वनितानं तोंड उघडलं अन् चार बाया गाऊन राह्यल्या! समोरची एक आजी उठून पडद्याच्या मांगं पाहून आली, बाकीच्या कुठं बसवल्या म्हणून.

आता यातली गंमत ऐका. डब्बा माइकले लागला, म्हणजे सलीमभाईची गिटार उघडी पडली. त्या गाण्यात दुसरी गिटार खरोखर मी होतो. जीव तोडून वाजवलं. पण सारं मैदान वनिताच्या चार आवाजायवर खुश, माझ्याकडं कुत्रंबी पाहे ना.

परत येताना रमेशभाऊ मांगं वळून म्हणे, "आज गाडीत जागा कशी ऐसपैस झाली, नाई?" त्या तीन पोरी काही पुन्हा आमच्या गाडीत दिसल्या नाई. मी आपला अंग चोरून बसलो, का माझी जागा कोणाच्या ध्यानात येऊ नये.

० ० ०

आमच्याकडं लग्नात एक रिवाज हाये. वरात मंडपाच्या दारात येईपर्यंत बेंजो बँडवाल्याचा, त्यायचा तो मान. मंडपात स्टेजवर आर्केस्ट्रा, तो आमचा मान. एकमेकायच्या हद्दीत कोणी धसत नाई.

घाटंजीच्या लग्नात वरात रस्त्यातच होती. सलीमभाईले सुचलं खुळ. त्यानं दोन्ही घुंड्या पुऱ्या फिरवल्या, तारा पार खालच्या टोकाशी छेडल्या, अन् गिटारमधून निरा बेंजो! लाउडस्पीकरवर तो आवाज वेशीपर्यंत गेला. वरातीतले पोट्टे नाचता नाचता मंडपाकडं पळाले. नवरदेव घोड्यावर एकटा.

बँडमास्तर तणतणत स्टेजवर आला. "आमचा बेंजो तुमी काहून वाजवून राह्यले? कुठं लपवला तुमचा बेंजोवाला?" सलीमभाई डब्बा दाखवे, तो मानेच ना. एवढ्याशा डब्ब्यात बेंजो कसा मावंन, म्हणे. त्याच्या माणसायनं कनाती उचलल्या, पेट्या उघडल्या, अन् स्टेजच्या खाली धसले.

स्टेजखाली मी होतो. हातात पक्कड, वायर जोडून राह्यलतो.

"सापडला!" करून त्यायनं मले पायाले धरून बाहेर ओढलं. सारी वरात जमली. बँडमास्तर मले वरून खालपर्यंत पाहे अन् म्हणे, "मान मोडला हे बराबर नाई केलं तू, पण वाजवतं बाप्पा झकास."

सलीमभाई पाहत होता, मी आता खरं सांगीन म्हणून. मी कायले सांगतो! खाली मान घालून "हौ" म्हटलं अन् माफी मागून टाकली.

० ० ०

मंग ते साल आलं. कापूस बुडाला ते दिवस तुमाले माईतच हायेत. जिनिंगमधल्या मशिनी बंद, बाजार ठंडा. लोकं लग्नं करत, पण आर्केस्ट्रा सांगाले आले का म्हणत, माणसं कमी आणा. रमेशभाऊनं आधी ढोलकच्या जोडीदाराले घरी बसवलं. मंग ट्रम्पेटवाल्याले. आता नजर कोणाकडं, ते मले विचारायची गरज नव्हती.

मी डोकं चालवलं. म्या विचार केला, डब्बा करते काय? तोच सूर जरासा हालवून, जरासा मांगून पुन्हा देते. हे त मीबी करू शकतो! प्रॅक्टिसले गेलो, माझ्या साऱ्या तारा केसभर उतरवल्या, अन् सलीमभाईले म्हटलं, डब्बा बंद ठेव, आज मी हाये.

वाजवलं. मले त सेम वाटलं. रमेशभाऊनं हात वर करून गाणं थांबवलं.

"प्रकाश," म्हणे, "तुझी गिटार बेसूर हाये, अन् तू मांगं पडून राह्यला."

तेवढ्यात सलीमभाई म्हणे, "भाऊ, वो तो दस साल से ऐसाच बजाता है. ये डब्बा तो उसकी नकल करता है." सारे हासले. मीबी हासलो. घरी आलो अन् जेवलो नाई.

० ० ०

आता हा आखरीचा. माझ्या सालीचं लग्न, कळंबले, दुपारचं. सासरे जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, त्या साली कामच नव्हतं. त्यायनं मोठ्या हौसेनं जावयाचाच आर्केस्ट्रा सांगतला. अन् रमेशभाऊले म्हणे, माणसं तेवढे कमी आणा. बिचाऱ्याले काय माईत, कमी होणारा माणूस त्यायचाच जावई हाये!

रमेशभाऊ आदल्या दिवशी दुकानात आले. "घरचं लग्न हाये, तू पाहुणा म्हणून आरामात जेव," म्हणे. मी समजलो. घरी कोणाले सांगतलं नाई, बायकोलेबी नाई.

नवा शर्ट घालून तिसऱ्या लायनीत बसलो. स्टेजवर सलीमभाई, त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी. डब्ब्याचा लाल दिवा मले तिथून दिसे. गाणं सुरू झालं, दोन गिटारी वाजल्या. असा जळलो म्हणता! माझ्याच सासुरवाडीत, माझ्याच लोकायसमोर, तो डब्बा माझ्या जागेवर वाजून राह्यला होता.

सासूबाई पानसुपारीचं ताट घेऊन आल्या. "जावईबापू, तुमी वर काहून नाई?"

"आज सुट्टी हाये," मी म्हटलं. मांगच्या लायनीतल्या काकसासऱ्यानं बाजूच्याच्या कानात काहीतरी सांगतलं. बायकोनं माझ्याकडं पाह्यलं, अन् तिले सारं समजलं. तिनं मान खाली घातली. ते मले सहन झालं नाई, मी उठून चाललोच होतो.

तेवढ्यात गिटारचा आवाज एकदम बारीक झाला. सलीमभाई खाली वाकला, डब्बा ठोकला, उचलून कानाशी हालवला. रमेशभाऊ तिकडून डोळे काढून राह्यले. सलीमभाईनं माइक ओढला.

"डब्बा बैठ गया. दुसऱ्या गिटारवाल्याबिगर जमत नाई. जावईबापू, वर या."

सारा मंडप माझ्याकडं वळला. खुर्चीले टेकवून एक गिटार ठेवली होती. सलीमभाई कधी दोन गिटारी आणत नसे. हातात घेतली, त सुरात लावलेली.

दुपारभर वाजवलं. सासूबाई एकेकीले बोटानं दाखवत होत्या. बायको जेवाले उठलीच नाई, आखरीच्या गाण्यापर्यंत समोर बसून राह्यली.

पंगती आटोपल्या, आम्ही वायरी गुंडाळाले बसलो. डब्बा सलीमभाईच्या पायाजवळ पडला होता, गिटारची वायर अजून त्यातच. बिचारा मेला, म्हणून मी सहज अंगठ्यानं दाबून पाह्यला.

लाल दिवा भक्कन लागला.

सलीमभाईनं वायर गुंडाळता गुंडाळता आजूबाजूले पाह्यलं.

"बंद कर जल्दी," म्हणे. "रमेशभाऊ इकडंच पाहून राह्यले."