वाढतं माप

माझी मावशी शिवणकाम करायची आणि पोरांचे कपडे कधीही अंगाबरोबर शिवायची नाही. फ्रॉकच्या खाली चांगली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. फ्रॉक हातात देताना तिचं वाक्य ठरलेलं असायचं, "पोरगी वाढली की आण, उसवून देते." जिन्याखालच्या एका खोलीत तिचं दुकान होतं. मशीन, इस्त्री आणि मावशी मावली की गिऱ्हाईक दारातच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मी तिच्या बहिणीची मुलगी, पण माझ्यावर ती आईपेक्षा जास्त हक्क गाजवायची.

आमच्या चर्चनं परदेशात मिशन ट्रिप काढली तेव्हा पाळकसाहेबांनी आपणहून तिचं नाव घातलं. तिथल्या अनाथाश्रमातल्या मुलींना कपडे शिवून द्यायचे होते. बसनं गेलं तरी हिला मळमळतं, पण बाई हौसेनं विमानात बसायला निघाली. कात्री हातातल्या पिशवीत ठेवलेली, ती विमानतळावर काढून घेतली. "माझ्या कात्रीनं मी कोणाचा गळा कापणार होते?" हे ती पुढे वर्षभर येईल त्याला विचारत होती.

मला स्वतःला या ट्रिपांचं फारसं कौतुक नाही. दोन आठवडे जायचं, एखादी भिंत रंगवायची, गाणी म्हणायची, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत येऊन ते चर्चमध्ये पडद्यावर दाखवायचे. नव्याचे नऊ दिवस, यांचे चौदा, एवढाच फरक. मावशीनं मात्र एकच फोटो आणला. पिवळ्या फ्रॉकमधली सहा-सात वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात हे एवढे मोठे. तिचं नाव मावशीच्या जिभेवर बसेना, म्हणून मावशीनं तिला खारूताई करून टाकलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पोरगी दिवसभर मशीनशेजारी बसून दोऱ्याचे तुकडे गोळा करायची आणि मावशी तिच्याशी आपल्या भाषेत अखंड बोलायची.

निघायच्या दिवशी मावशीनं तिला फ्रॉक घातला, दुमड उलटून दाखवली आणि सवयीनं म्हणाली, "वाढलीस की मी येऊन उसवून देईन हं." आश्रमातल्या स्वयंपाकीणबाई पूर्वी इकडे भारतात नोकरीला होत्या, त्यांना मराठी यायचं. त्यांनी ते पोरीला तिच्या भाषेत सांगितलं. मुलांना कसलंही वचन देऊ नका, असं पाळकसाहेबांनी सगळ्यांना निघण्यापूर्वी बजावलं होतं. पण मावशीला ते वचन वाटलंच नाही. तिच्या धंद्यातलं रोजचं बोलणं होतं ते.

घरी आल्यावर मात्र त्या वाक्यानं तिचा पिच्छा पुरवला. पुढच्या वर्षी ट्रिपची घोषणा झाली आणि देश दुसराच निघाला. उपासना संपल्यावर मावशीनं पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"तिथे परत नाही का जायचं?"

"मावशी, दरवर्षी नवीन ठिकाणी जायचं असं कमिटीनं ठरवलंय."

"अहो, पण ती पोरगी वाढली असेल."

पाळकसाहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारीला माया लागलीय. माया तर लागली होतीच, पण शब्द दिलेला होता, हे त्यांच्या ध्यानात कोण आणून देणार?

तिसऱ्या वर्षी कमिटीला तो जुना आश्रम आठवला. पण तोवर मावशीचे गुडघे गेले होते. जिन्याखालून रस्त्यापर्यंत यायलाही तिला माझा हात लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मग तिनं मला पाठवलं. मी कुरकुरत गेले, ते फक्त तिच्यासाठी. "उसवून दे, इस्त्री कर, आणि येताना तिची उंची दोऱ्यावर आण, गाठ मारून," एवढं तिनं मला दहादा तरी सांगितलं असेल.

खारूताई फाटकातच उभी होती. फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर गेलेला, म्हणून आत चड्डी घातलेली, आणि पिवळा रंग विटून पार पांढरा पडत आलेला. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे तिनं पाहिलं. शेवटचा माणूस उतरल्यावर गाडीत वाकूनही पाहिलं. मी जवळ जाऊन ब्लेड काढलं आणि फ्रॉकची कड धरली, तशी ती मागे सरकली. दुमड तिनं मुठीत घट्ट आवळून धरली.

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "ती कोणालाच हात लावू देत नाही. मी किती वेळा म्हटलं, आण इकडे, दोन मिनिटांचं काम. तर म्हणते, ती बाई स्वतः येऊन उसवणार आहे."

मी मावशीच्या गुडघ्यांचं सांगितलं. बाईंनी तिला समजावलं. निघायच्या दिवशी तिनं फ्रॉक धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिला. तेवढी उंची मात्र घेऊ दिली.

इकडे दुकानात मावशीनं तो दिव्याखाली धरला आणि एकेक टाका उसवला. आतून कापडाचा पट्टा निघाला, पिवळाधमक, ठाणातून कापला होता तसाच. तिनं इस्त्री केली. फ्रॉक मशीनवर पसरला आणि मी आणलेला दोरा शेजारी ताणून धरला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, जिथे गाठ होती तिथवर. सगळी दुमड सोडूनही फ्रॉक आणखी चार बोटं कमी पडला.

"जोड लावू या ना खाली," मी म्हटलं. "झालर लाव. छान दिसेल."

"लावीन गं. नेणार कोण?"

कमिटीनं पुढच्या वर्षासाठी नवा देश ठरवला होता, हे मीच तिला सकाळी सांगितलं होतं.

मला रडू आवरेना. मावशी मात्र दोरा बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "अंगाबरोबर शिवायला हवा होता गं. वर्षभर घातला असता, आखूड झाल्यावर टाकून दिला असता, आणि मलाही विसरली असती."