चार बिंदू आणि पंपरूमजवळची निळी आकृती

होळीच्या आधीचा रविवार : सोसायटीच्या सचिवांनी कॅमेरा-विक्रेत्याचा आलेख सूचनाफलकावर लावला. पाडव्यानंतरचा सोमवार : त्या आलेखाच्या भरवशावर सगळ्या कॅमेऱ्यांचा बिटरेट उतरवला गेला, जबाबदार सचिव आणि विक्रेता, दोघेही. अक्षय्य तृतीयेची दुपार : पंपरूममधली तांब्याची केबल चोरीला गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी : अध्यक्षांनी आमच्या दुपारपाळीच्या वॉचमनला चोर ठरवून काढून टाकले. तारखा मी वहीत टिपल्या आहेत. माणसे टिपावी लागत नाहीत. ती रोज लिफ्टमध्ये भेटतात.

मी वजनमापे तपासणारा सरकारी निरीक्षक होतो. ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या बाजारांत दुकानदारांचे काटे तपासण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. काटा तपासायचा तो हलक्या वजनाला, मधल्या वजनाला आणि पूर्ण भाराला. ज्या वजनाला काटा तपासला नाही, त्या वजनाची हमी मी कधी दिली नाही. निवृत्तीनंतर कोपरच्या या इमारतीत राहायला आलो, तेव्हा हा साधा नियम सुशिक्षित माणसांना समजावून सांगावा लागेल असे वाटले नव्हते.

कॅमेऱ्याचे चित्र साठवण्यापूर्वी आवळून लहान करावे लागते. ते ज्या पद्धतीने आवळतात तिला कोडेक म्हणतात आणि दर सेकंदाला त्यासाठी जेवढी माहिती खर्ची पडते तो बिटरेट. विक्रेत्याने जुना आणि नवा असे दोन कोडेक घेऊन प्रत्येकी चार बिटरेटना चित्राचा दर्जा मोजला होता, चार-चार बिंदूंतून दोन वळणदार रेषा काढल्या होत्या आणि त्या रेषांमधल्या अंतराची सरासरी काढून लिहिले होते की तोच दर्जा नव्या कोडेकमध्ये जवळपास निम्म्या जागेत मिळतो. इथपर्यंत माझी तक्रार नाही. नवा कोडेक चांगलाच आहे.

पण पहिल्या बिंदूच्या डावीकडे, म्हणजे त्याहूनही कमी बिटरेटला, जिथे काहीच मोजले नव्हते, तिथे विक्रेत्याने रेषा तुटक काढली होती. सचिवांनी आलेख मोठ्या कागदावर उतरवताना जाड स्केचपेनने ती एका दमात सलग ओढली. कारण विचारले तर म्हणाले, तुटक रेषा फलकावर बरी दिसत नव्हती. आणि मग बिटरेट ठेवला तो नेमका त्या सलग केलेल्या टोकाला, कारण तिथे जागा सर्वांत कमी लागत होती. ज्याने स्वतःच्या हाताने रेषा ओढली, त्यानेच पुढे तिच्यावर विश्वास ठेवला. इतकी निर्मळ श्रद्धा मी देवळातही पाहिलेली नाही.

केबल गेली त्या दुपारच्या चित्रणात पार्किंगच्या सावलीत एक निळसर आकृती पंपरूमकडे जाताना दिसते. तिला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे आहेत. वॉचमनचा गणवेश निळा. समितीला एवढे पुरले. त्याला दिलेल्या पत्रात ‘चोरीच्या संशयावरून’ असे शब्द घातले आणि ते पत्र पाहून आता त्याला दुसरी सोसायटी दारात उभे करीत नाही. मी विठ्ठलवाडीला त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, कामाचं सोडा. ते पत्र तेवढं मागे घ्यायला सांगा. पोरीच्या सासरी कळलंय.”

मी विक्रेत्याच्या ठाण्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या तरुण इंजिनियरने संगणकावर आलेख उघडून मला कौतुकाने दाखवले की चारही बिंदू रेषेवर तंतोतंत बसले आहेत. मी त्याला विचारले की या रेषेच्या समीकरणात ठरवायच्या संख्या किती. तो म्हणाला, चार. मग चार बिंदूंना ती रेषा बसणारच, यात कौतुक कसले? शिंप्याने चौघांची मापे घेतली आणि चौघांचे सदरे त्यांना बसले, त्यातून पाचव्याच्या मापाबद्दल काय कळले? आमच्या बिटरेटला दर्जा किती मोजला, ते सांगा.

तो म्हणाला, “तिथे मोजलंच नाहीये, काका. मोजलेल्या रेंजच्या बाहेर कर्व्ह धरायचाच नसतो.”

हे वाक्य मी लेखी मागितले. तो हसून म्हणाला, “लेखी कशाला? हे सगळ्यांनाच माहीत असतं.”

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लेखी देताना माणसाची लेखणी का अडते, हे मला पूर्वी दुकानदारांनीही कधी सांगितले नाही.

तेव्हा पाचवे माप मीच घेतले. निळा बुशशर्ट घालून त्याच वेळी, त्याच सावलीतून मी पंपरूमपर्यंत चालत गेलो. समितीच्या बैठकीत ते चित्रण लावायला सांगितले आणि माणूस ओळखा म्हणालो. सचिवांनी चहाचा कपही खाली ठेवला नाही. “हा तोच. चाल बघा ना त्याची.”

मी म्हणालो, “तो मी आहे.”

कोणीतरी खोकले. सचिवांना क्षणभरही लाज वाटली नाही. “मग काका, त्या दिवशी पण तुम्हीच होतात की काय?” सगळे हसले. अध्यक्षही हसले आणि विषय संपल्याचे त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावले.

त्यांच्या विनोदात माझा सगळा युक्तिवाद होता, हे त्या खोलीत कुणाच्याही ध्यानात आले नाही. ज्या चित्रावरून मी चोर ठरू शकतो, वॉचमन ठरू शकतो, खुद्द अध्यक्षही ठरू शकतात, त्याला पुरावा म्हणत नाहीत. त्यानंतर मी अध्यक्षांना पाच पत्रे दिली, प्रत्येकाची पोच घेतली. उत्तर म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांचे चित्र आले.

म्हणून हे आता सर्वांसमक्ष लिहितो. अध्यक्षमहाशय, येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांपुढे उभे राहून सांगा : आपण ज्या बिटरेटला माणूस ओळखलात, त्या बिटरेटला चित्राचा दर्जा कोणी मोजला आणि केव्हा? मोजला नसेल, तर ते पत्र त्याच सभेत मोठ्याने वाचून मागे घ्या. वॉचमनला मी सोबत घेऊन येणार आहे. उत्तर त्याच्याकडे पाहून द्या.