‘विथ’चा जुना अर्थ

आटपाडीच्या हायस्कुलात लालासाहेब पुकळे सरांनी सोळा वर्षं इंग्रजी शिकवलं. गावात कुणाला इंग्रजी कागद आला, की माणसं त्यांच्याच ओसरीवर यायची. १९७३ साली सांगलीहून नियाज मुलाणी हा तरुण मास्तर आला, आणि दिवाळीच्या आत ते कागद त्याच्या खोलीकडं वळले. सरांना ते फार लागलं.

एकदा वर्गात रंगू नावाच्या पोरीनं सरांना विचारलं, "सर, 'विथ' म्हंजे सोबत. मग 'फाइट विथ द एनिमी' म्हंजे शत्रूच्या बाजूनं लढायचं का त्याच्याशी?"

"पाठ कर. नसत्या शंका काढू नकोस," सर खेकसले.

दुसऱ्या दिवशी मुलाणीच्या तासाला तिनं तेच विचारलं. शेजारच्या वर्गात सर कान देऊन उभे होते.

"लय झकास विचारलंस," मुलाणी म्हणाला. "शत्रूशीच लढायचं. हजार वर्षांमागं 'विथ'चा अर्थच 'विरुद्ध' होता. 'विथस्टँड' म्हणजे एखाद्याविरुद्ध टिकून उभं राहणं. त्यात तो जुना अर्थ अजून हाय."

पोरं हरखून बोलायला लागली. आपल्या तासाला ती अशी कधी बोलली होती, हे सरांना आठवेना. ते तडक हेडमास्तर तात्याबा खरातांकडं गेले.

"मुलाणी पोरांना थापा मारतोय. सोबतचा अर्थ विरुद्ध म्हणं!"

"सोमवारी दोघं या," तात्याबा म्हणाले. "काय ते समोरासमोर होऊ दे."

शनिवारी शाळा सुटताच सरांनी साताऱ्याची एसटी धरली. दहिवडी येईपर्यंत मुलाणीची फजिती त्यांनी मनात चारदा बघून घेतली. रविवारी सकाळी ग्रंथालयात जाडजूड शब्दकोश उघडला, आणि त्यांचा चेहराच पडला. मुलाणी बरोबर होता. निदान एखादी चूक सापडावी म्हणून ते पुढं वाचत राहिले. 'सोबत'साठी पूर्वी 'मिड' असा वेगळाच शब्द होता. 'विथ'नं हळूहळू त्याची जागा घेतली. 'मिडवाइफ', म्हणजे सुईण, एवढ्यातच तो उरला. बाळंतिणीसोबत असणारी बाई. सरांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं.

कोश मिळालाच नाही, असं सांगता आलं असतं. परतीच्या वाटेवर सर तेच घोळवत होते. पण सोमवारी तात्याबांनी विचारलं, तेव्हा त्यांच्याच्यानं खोटं बोलवेना.

"मुलाणी म्हणतोय ते खरं हाय," ते तुटकपणे म्हणाले. मग राहवलं नाही. "पण 'मिड' ठावं हाय का त्याला?"

मुलाणीला ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलं, तसा तो खुर्ची ओढून जवळच सरकला.

"आवं सर, हे मी कधीच वाचलं न्हवतं! आज तुमीच वर्गावर या. रंगूला तुमच्या तोंडून ऐकू दे."

"तूच सांग," म्हणून सर उठले. व्हरांड्यात त्यांचा जीव आणखीच जळायला लागला. मुलाणीला चार गोष्टी जास्त येत होत्या, त्याचं एवढं नव्हतं. दुसऱ्याकडून शिकताना इतकं खूश होणं त्यांना सोळा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.